बंदूक की जागल?





काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक शेतकरी बंधू मला भेटायला थांबले. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. नाव आणि गाव मुद्दाम देत नाही. त्यांच्या हातात कागदांची फाईल होती. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा होता आणि फाईलला जोडायला माझ्याकडून चांगल्या वर्तणुकीचे पत्र हवे होते. "फादर, तुमच्या सहीनं वजन पडते," ते म्हणाले.

मी त्यांना बसवले आणि विचारले, बंदूक कशासाठी? त्यांनी सांगितले ते आपल्या पातूर भागातल्या कोणालाही नवे वाटणार नाही. वावर डोंगराच्या कडेला. हरभऱ्यात रानडुकरे शिरतात, रोह्यांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर फस्त करतो. मोटारीची लाईट बरेचदा रात्रीच येते, म्हणून पाणी द्यायला अंधारातच जावे लागते. दोनदा मोटारीचे केबल चोरीला गेले. अर्जात त्यांनी 'पीक संरक्षण' असे लिहिले होते. पण थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का फादर? मले जनावराचं भेव नाही, माणसाचं भेव हाय."

त्या एका वाक्याने प्रश्न बदलला. तो सोपा नाही, म्हणून आपण सर्वांनी मिळून त्याचा विचार करावा असे मला वाटते.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वतःचा जीव वाचवणे हे पाप नाही. निर्गमच्या २२व्या अध्यायात एक बारीक नियम आहे. रात्री घर फोडताना चोर मारला गेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला, तर दोष आहे. का बरे? कारण रात्री समोर कोण आहे आणि कशासाठी आला आहे हे दिसत नाही. दिवसा दिसते, ओळखता येते, लोकांना हाक मारता येते. म्हणजे त्या प्राचीन काळीही चोराच्या जिवाची किंमत शून्य धरलेली नव्हती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन अभ्यासले होते. १३व्या शतकातल्या या गुरूने असे मांडले की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: आपला जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जीव जाणे. आपला हेतू पहिल्या परिणामाचा असेल आणि आपण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले नसेल, तर ती कृती न्याय्य ठरते. त्यांच्या आठशे-साडेआठशे वर्षे आधी संत ऑगस्टीन मात्र याबाबत अधिक कडक होते. सैनिक किंवा सत्तेचा अधिकारी सोडून इतरांनी केवळ स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे त्यांना पटत नव्हते. ख्रिस्तसभेने पुढे अक्वायनस यांची वाट स्वीकारली आणि त्यात एक भर घातली: ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी संरक्षण हा नुसता हक्क नसून कर्तव्यही असू शकते.

आपल्या देशाचा कायदाही जवळजवळ हेच सांगतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क मान्य केलेला आहे. पण त्याला मर्यादा आहेत. पोलिसांची मदत मिळवण्यास वेळ असेल, तर तो हक्क उरत नाही. बचावासाठी लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसताना नुसत्या चोरीसाठी चोराला ठार मारता येत नाही. आमच्या बंधूंना मी हेच विचारले: केबल कापून पळणाऱ्या पोरावर तुम्ही बार काढलात आणि तो मेला, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहील का? ते काही बोलले नाहीत.

आता दुसरी गोष्ट. 'हल्ला झाला तर प्रतिकार करावा का?' हा एक प्रश्न. 'हल्ला होईल म्हणून मी रोज शस्त्र जवळ बाळगावे का?' हा अगदी वेगळा प्रश्न. हल्ल्याचा क्षण आयुष्यात कदाचित एकदा येईल, कदाचित कधीच येणार नाही. बंदूक मात्र त्या क्षणाची वाट पाहत हजारो दिवस आपल्या घरात राहते. त्या हजारो दिवसांत आपण रागावतो, भांडतो, पितो, निराश होतो. परवाना देताना शासन विचारते, तुमच्या जिवाला कोणापासून धोका आहे? पण आपण स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की माझ्यापासून कोणाला धोका आहे?

महाराष्ट्राने याची उत्तरे पाहिली आहेत. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. गोळ्या झाडणारे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते आणि पिस्तूल परवान्याचे होते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, चक्क अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला. आरोप तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांच्यावर आहे. आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली असे त्यांनी तेव्हा सांगितले होते. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण पोलीस हाकेच्या अंतरावर असतानाही पिस्तूल बाहेर निघाले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. तेथे वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते. रक्षणासाठी आणलेले शस्त्र!

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांना मारहाण करून मारण्यात आले, गोळी घालून नव्हे. तरीही त्या घटनेनंतर लोकांचे लक्ष जिल्ह्यातल्या पिस्तुलांकडे गेले. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे पुढे आले, आणि गुन्हे नोंद असलेल्यांचे परवाने रद्द करण्याचे काम प्रशासनाला हाती घ्यावे लागले. कमरेचे पिस्तूल अनेकदा संरक्षणासाठी नसतेच. समोरच्याला आपली पायरी दाखवण्यासाठी ते असते. आणि एकाच्या कमरेला दिसले की दुसऱ्यालाही ते हवेसे वाटते. त्यात जो गरीब आहे, ज्याला परवाना परवडत नाही, त्याला सर्वांपुढे मान खाली घालून चालावे लागते.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खुनाचे नसतात. माणसांनी स्वतःचाच जीव घेतलेला असतो. आपण वऱ्हाडातली माणसे. नापिकीच्या आणि कर्जाच्या वर्षात शेतकऱ्याच्या मनात कोणता अंधार दाटतो हे आपल्याला परक्यांकडून शिकावे लागत नाही. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या वीस वर्षांत फार मोठ्या प्रमाणात खाली आले. निराशेची ती घडी टळली की माणूस बहुधा वाचतो. म्हणून त्या घडीला घरात काय हाताशी आहे याला फार महत्त्व आहे. आपल्यापैकी कोणाच्या मनात असा अंधार असेल, तर कृपया एकटे राहू नका. मध्यरात्री आलात तरी माझे दार वाजवा.

कोणी म्हणेल, प्रभूने शिष्यांना झगा विकून तलवार घ्या असे सांगितले नव्हते का? होय, लूकच्या शुभवर्तमानात ते आहे. शिष्यांनी दोन तलवारी दाखवल्या आणि प्रभूने तो विषय तेथेच थांबवला. पण त्याच रात्री पुढे काय झाले तेही वाचा. शिष्यांमधल्या एकाने महायाजकाच्या सेवकावर वार केला. तो पेत्र होता, हे योहान सांगतो. गुरूवर प्रेम करणारा, चांगल्या वर्तणुकीचा माणूस. त्याचा हेतूही रक्षणाचाच होता. कान कापला गेला तो एका नोकराचा, ज्याने अटकेचा हुकूम काढलाच नव्हता. आणि प्रभूने अटकेच्या त्या घाईत थांबून तो कान बरा केला. तलवार हाताशी असली की ती बहुधा मल्खावरच पडते. खरा दोषी तेथे नसतोच.

हे सारे मी आमच्या बंधूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, तुमचं खरं हाय. पण रात्री वावरात मी एकलाच असतो न."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला बायको नाही, लेकरे नाहीत, माझ्या खोलीला पक्के दार आहे. दुसरा गाल पुढे करा असे मी स्वतःला सांगू शकतो. पण त्यांच्या लेकराचा गाल पुढे करा असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

मी एवढेच म्हटले: वर्तणुकीचे पत्र मी देईन, कारण तुम्ही भले आहात हे खरे आहे. मात्र आधी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्या. बंदूक कोठे राहील? किल्ली कोणाकडे राहील? आणि घरातली कोणती व्यक्ती तिला भिईल? पुढच्या रविवारी ते पत्नीला घेऊन आले. ताईंनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. "यायचा राग मले माहीत हाय, फादर," एवढेच त्या बोलल्या. बंधू आधी हसले, मग गप्प झाले. लिहून ठेवलेले पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यांनी ते नेले नाही. उद्या ते मागायला आले, तर मी ते देईन.

पण गोष्ट येथे संपली असे मानू नये. त्यांनी बंदूक घेतली नाही म्हणून डुकरे यायची थांबलेली नाहीत. नुकसान त्यांचेच होत आहे आणि उपदेश करून मी मोकळा झालो, असे व्हायला नको. म्हणून त्या आठवड्यात मी एक रात्र त्यांच्यासोबत जागलीला गेलो. शेकोटी पेटवली, डबा वाजवला, टॉर्च फिरवला. पहाटे थंडीने दात वाजत होते. डुकरे आली, आणि दोघांच्या आवाजाने परत गेली. मोटारीकडे मात्र कोणी फिरकले नाही. एकट्याची भीती दोघांत निम्मीही उरत नाही, हे मी त्या रात्री शिकलो.

पूर्वी आपल्या गावांत पाळीपाळीने जागल होत असे. आता ज्याचे वावर, त्याची रात्र. बंदुकीची मागणी तेथूनच उगवते असे मला वाटते. शेजारी उरला नाही की माणूस शस्त्र शोधतो. म्हणून, बंधूंनो, जो कोणी आपल्या भावाला 'बंदूक घेऊ नको' असे सांगेल, त्याने त्याच्याबरोबर एक रात्र जागावे. नाहीतर त्याचे सांगणे पोकळ आहे.

शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी पाळी घ्यायचे कबूल केले आहे. ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत, तरी आले. आपल्यातले किती येतील? चर्चच्या दाराशी एक वही ठेवली आहे. हरभरा घरी येईपर्यंतच्या रात्री तिच्यात लिहिल्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी एका रात्रीपुढे आपले नाव लिहावे. शनिवारची रात्र सोडून कोणत्याही दिवशी माझे नाव धरायला हरकत नाही.

प्रभू आपल्या घरांचे, वावरांचे आणि आपल्या रागाचेही रक्षण करो.

आपला प्रभूसेवेत,
धर्मगुरू