‘ट्रस्टी’ म्हणजे कोण?

लालबाग-परळात देवळाच्या पाटीवर ‘ट्रस्ट’ हा शब्द दिसावयाचाच. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा झाला, नोंदणी आली, आणि पंचांचे ट्रस्टी झाले. शब्द इंग्रजी खरा, पण त्यांनीही तो जुन्या नॉर्स भाषेतून घेतला असे कोशकार मानतात; तेथे अर्थ भरवसा. आपल्या ‘विश्वस्त’ शब्दात श्वस् धातू आहे. ज्याच्या हाती ठेव देऊन मोकळा श्वास घ्यावा, तो विश्वस्त.

मग कुणी म्हणतो, “बुवा, विश्वास ठेवलात ना? मग हिशेब कशाला मागता?” बोलणे गोड, पण फसवे. ठेव आमची असती तर सोडलीही असती. पेटीतला पैसा देवाचा. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात ठरविले की, मूर्ती ही कुणाची चीजवस्तू नव्हे. तिच्या वतीने बोलावयास तटस्थ माणूस नेमा. (साहेबाला हे उमगले, बरे का!) विटेवरचा धनी तोंडाने मागत नाही, म्हणूनच दर्शनाला येणाऱ्याने मागावयाचे. त्यात रुसण्यासारखे काय आहे?

आषाढीपूर्वी फळ्यावर जमाखर्च लागला, तर टाळ खाली ठेवून आम्ही तो आधी वाचू.