मंग पानी पियाले काय?

सावर्ड्याहून महाड काही परमुलूख नव्हे. चिपळूण, खेड मागे टाकून कशेडीचा घाट उतरला की पोलादपूर, आणि पुढे महाड. तरीही २५ डिसेंबर १९२७ चे बाबासाहेबांचे भाषण आपल्यापैकी किती जणांनी सबंध वाचले आहे? एका वर्षी वाडीत ते वाचून दाखविले. वाचन संपले, टाळ्या झाल्या. तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशीने विचारले, "मंग त्या दिशी पानी पियाले काय, बाबा?"

सभा गप्प झाली. कारण खरे उत्तर 'नाही' असे आहे.

पाणी प्यायले ते आधीच्या मार्च महिन्यात, २० तारखेला. कायद्याने तळे त्याही आधी खुले होते. बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागद होता, ओंजळ नव्हती. मार्चमध्ये ओंजळ भरली, तर डोकी फुटली आणि शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. म्हणून डिसेंबरात पुन्हा परिषद भरली.

त्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या माणसांना थेट १७८९ सालच्या फ्रान्समध्ये नेले. खोताच्या वेठीला जुंपलेला, अक्षरशत्रू माणूस समोर बसलेला, आणि त्याला व्हर्सायच्या सभेची हकिकत! वक्त्याने श्रोत्याला कमी लेखले नाही, हे मला त्या भाषणाचे पहिले बळ वाटते. पाण्यावाचून आपण मेलो नव्हतो, तळ्यावर जायचे ते आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, हा त्यातला युक्तिवाद. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजारांनी नावे दिली.

आणि मग थांबावे लागले. तळे खाजगी आहे असा दावा लावून १४ डिसेंबरलाच विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. कलेक्टर मंडपात येऊन समजावून गेला. शेवटी बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करण्यास सांगितले. तुरुंगात जायला निघालेली माणसे मिरवणूक काढून परत फिरली. त्यांना चीड आली नसेल? आलीच असणार.

वाचकहो, भाषणाने माणसे पेटविणे तितकेसे अवघड नाही. तसे वक्ते आपण निवडणुकीत पाहतोच. पेटलेली माणसे विचाराने थांबणे अवघड. ती थांबली, कारण त्यांच्या हाती नुसता आवेश दिला नव्हता, कारण दिले होते.

पण इथेच मला एक शंका छळते. ती माणसे कारण पटले म्हणून परतली, की बाबासाहेब म्हणाले म्हणून? तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका. खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले. १९२७ च्या मंडपात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असाव्यात. आज जयंतीला कर्ण्यावर त्यांचे शब्द लावून नाचणाऱ्यांत मात्र कारण किती आणि भक्ती किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

त्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले. जातीची खूण सांगणारी नेसण्याची रीत टाका, असे त्यांनी सांगितले आणि बायाबापड्यांनी ती तिथल्या तिथे बदलली. त्याला कोर्टाचा हुकूम आडवा येत नव्हता.

बाकीचे सावकाश आले. तळ्याचा निकाल हायकोर्टातून १९३७ साली लागला. आपल्या चिपळुणात १९२९ साली बाबासाहेब खोतीविरुद्ध बोलले, १९३७ ला त्यांनी बिल मांडले, ते पडून राहिले आणि कायदा १९४९ साली झाला. तोवर ऐकणारे किती गेले असतील! अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनचे भाषण ऑगस्ट १९६३ चे. तिथे नागरी हक्कांचा कायदा पुढच्याच वर्षी आला, पण तोही केवळ भाषणाने नव्हे.

मावशीला मी म्हटले, "नाही प्यायले, मावशी. दहा वर्षं लागली."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी मानसं घरला आली ती काय बोलत आली, ते लिवलंय काय त्यात?"

ते त्यात नव्हते.

"मंग पुन्यांदा वाच," ती म्हणाली, "हळू वाच."