काळी चार

आमच्या सोसायटीत गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम असतो. दोन वर्षांपूर्वी त्यात मी गिटार वाजवली. म्हणजे लोकांना तसं वाटलं.

तेव्हा मला गिटार घेऊन दीड वर्ष झालं होतं. शिकवणी यूट्यूबची. ऑफिस सुटल्यावर हेडफोन लावून तासभर बसायचो आणि आकार पाठ करायचो. आकार हाच शब्द बरोबर आहे. मायनर पेंटॅटॉनिक नावाची पाच स्वरांची एक स्केल असते, गिटार शिकणारे बहुतेक सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिचा पहिला बॉक्स म्हणजे सहा तारा आणि प्रत्येक तारेवर दोन ठिपके. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट आणि आठव्यावर करंगळी, मग तीन तारांवर पहिलं आणि तिसरं, मग पुन्हा दोनदा करंगळी. दोन आठवड्यांत बोटांना हे इतकं सवयीचं होतं की मालिका बघता बघताही वाजवता येतं. ठिपक्यांना नावं असतात हे मला माहीत होतं. पण नावांवाचून काम चालत होतं, आणि चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही हे माझ्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

कार्यक्रमात एक भक्तिगीत होतं. मध्ये माझा छोटा तुकडा, आठ-दहा सेकंदांचा. महिनाभर सराव झाला होता. आयत्या वेळी गाणाऱ्या ताईंचा घसा बसला. पेटीवरचे काका म्हणाले, “पांढरी सहा नको, काळी चार करू या.” तबलजीनं हातोडी काढली. कीबोर्डवाल्यानं मान डोलावली. कुणीतरी मोबाइलवरच्या तानपुऱ्याची पट्टी बदलली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “हो हो.”

गाणं सुरू झालं. माझा तुकडा आला तसा मी पाचव्या फ्रेटवर पहिला स्वर लावला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी नुसतं वर बघितलं, तेवढ्यानं मला कळलं. करंगळीनं गिटारचं व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणलं आणि उरलेलं सगळं अभिनयानं वाजवलं. डोळे मिटून, मान तिरकी करून. माझी जागा कीबोर्डवाल्यानं भरून काढली. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर पाचवीतला एक मुलगा येऊन म्हणाला, “दादा, तू भारी वाजवलंस.”

ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. इंग्रजी सी म्हणजे पांढरी एक, तिथून मोजत गेलं की ए म्हणजे पांढरी सहा आणि जी शार्प म्हणजे काळी चार. दोन्ही अगदी शेजारी शेजारी. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर पाचवा फ्रेट म्हणजे ए. चौथा फ्रेट म्हणजे जी शार्प. म्हणजे त्या रात्री मला अख्खा हात एक फ्रेट मागे सरकवायचा होता, इतकंच. बॉक्स तोच, बोटं तीच. साधारण तीन सेंटिमीटरचं अंतर. हे मला त्याच रात्री साडेबारा वाजता अंथरुणात गुगल करून कळलं, आणि मग झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी स्केल वाजवताना स्वरांची नावं मोठ्यानं म्हणायला लागलो. हा जुना उपाय आहे, गिटारचा कुठलाही शिक्षक सांगतो. आणि भयंकर आहे. ए, सी, डी, ई, जी. जी बोटं डोळे मिटून धावत होती ती नाव विचारल्याबरोबर लंगडायला लागली. पहिले बारा फ्रेट धरले, मोकळी तार सोडून, तर प्रत्येक तारेवर बाराच्या बारा स्वर एकेकदा येतात. सहा तारांवर मिळून बहात्तर जागा आणि नावं फक्त बारा. त्यात बी आणि सीच्या मध्ये काही नाही, ई आणि एफच्या मध्येही काही नाही, बाकी सगळीकडे एकेक शार्प. शिवाय दुसरी तार इतरांसारखी लावलेली नसते, तिच्यापाशी सगळे हिशेब एका घरानं घसरतात. महिनाभर माझा वेग निम्म्याहून कमी होता. शेजारच्यांना वाटलं असेल, पोरगा विसरत चाललाय.

या काळात मनात एक प्रश्न घोळत होता. नाव माहीत नसताना मी जे वाजवत होतो ते मला येत होतं की नव्हतं?

गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात करता येणं आणि माहीत असणं यात फरक केला. करता येणं म्हणजे आधी डोक्यात नियम म्हणून मग हातानं ते पाळणं, असं नव्हे. हे वाचून मला जरा हायसं वाटलं होतं. उलट बाजूला आपला भर्तृहरी. त्याच्या मते शब्दाला सोडून ज्ञानच नसतं, जे जाणवतं ते शब्दात गुंफलेलंच असतं. मी या दोघांच्या मध्ये लोंबकळत असताना आठवली आई.

आईला सा कुठला नि रे कुठला हे सांगता येत नाही. पण आरतीला कुणी वरच्या पट्टीत सुरुवात केली की तिसऱ्या शब्दाला ती त्या पट्टीत असते. खालच्या पट्टीत केली, तरीही. तिला एकाही स्वराचं नाव माहीत नाही आणि माझ्यावर त्या रात्री आलेली वेळ तिच्यावर कधीच येणार नाही. भर्तृहरीनं आईला ऐकायला हवं होतं. (आईनं भर्तृहरीला दोन आरत्यांत गार केलं असतं, तो भाग वेगळा.) म्हणजे नाव नसलं की ज्ञान नाही, हे काही खरं नाही. आईचं ज्ञान गळ्यात आहे आणि तिच्याबरोबर सरकतं. माझं पाचव्या फ्रेटला चिकटलेलं होतं. मला स्वर येत नव्हते, मला जागा येत होती.

मग नावांचा उपयोग काय? माझ्यापुरतं उत्तर त्या रात्रीतच होतं. काकांनी दोन शब्द उच्चारले आणि चार माणसं आपापल्या वाद्यावर, आपापल्या रीतीनं एकाच नव्या जागी जाऊन बसली. आईसारखा कान असेल तर नावाविना निभतं. कान नसेल आणि नावही माहीत नसेल, तर “काका, थांबा, मला कळलं नाही” असं म्हणता येतं. काकांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. हे तिन्ही मार्ग सरळ आहेत. मी चौथा निवडला, बटणाचा. माहीत नसणं हा माझा गुन्हा नव्हता. “हो हो” हा होता.

आणि ते बटण माझ्याकडे फक्त गिटारवर नाही. ऑफिसात मी कितीतरी गोष्टी अशाच चालवल्यात. कुठूनतरी उचललेली चार ओळींची सेटिंग, हल्ली एआयनं लिहून दिलेलं अख्खं फंक्शन. चालतं. मीटिंगमध्ये कुणी विचारलं की मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवतो. तो चेहरा मला ओळखीचा आहे, स्टेजवर डोळे मिटून मान तिरकी केली होती तोच.

पुढे काकांकडे जायला लागलो. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत पाच नावं म्हणून दाखवली. काकांनी पेटीवर त्याच पाच पट्ट्या दाबल्या. “ए ला सा धरलास तर हा धानी,” म्हणाले, आणि वाजवला. मग सीला सा धरून त्याच पाच पट्ट्या वाजवल्या. “आता?” ते दुसरंच गाव होतं, लख्ख उजेडाचं. “भूप. पट्ट्या त्याच, घर बदललं.” मग त्यांनी साही तोच ठेवला, पाचही स्वर तेच ठेवले आणि गंधाराऐवजी धैवतावर रेंगाळायला लागले. तो देसकार होता. मी ए-सी-डी-ई-जीची यादी तोंडात धरून नुसता बसून राहिलो. नावं दारापर्यंत नेऊन सोडतात. काकांना बटणाचं मात्र मी अजून सांगितलेलं नाही. कदाचित त्यांना तेव्हाच कळलं असेल. पेटी माझ्यापासून तीन फुटांवर होती.

तो पाचवीतला मुलगा आता सातवीत आहे. मेमध्ये त्याच्या आईनं विचारलं, सुट्टीत शिकवशील का. मी अडकलो. बॉक्स शिकवला तर आठवड्यात काहीतरी वाजेल आणि पोरगा खूश होईल. नावांपासून सुरुवात केली तर चौथ्या दिवशी गिटार पलंगाखाली. मला स्वतःला आधी नावं शिकवली असती तर मी टिकलो नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. ज्या शॉर्टकटनं मी इथवर आलो तो दुसऱ्याला नाकारायचा मला काय अधिकार? पण तोच शॉर्टकट मला कुठे घेऊन गेला, हे लपवून त्याला देणंही जमेना.

शेवटी बॉक्सच शिकवला. एक अट घातली, पहिल्या ठिपक्याचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आणि ही अट का, असं त्यानं विचारल्यावर गणपतीतली गोष्ट सांगून टाकली. बटणासकट.

तो बराच वेळ गिटारकडे बघत राहिला.

“म्हणजे ते मस्त वाजत होतं ते कीबोर्ड होतं?”

“हो.”

“मग मी कीबोर्ड शिकू का?”