अर्जुनाचा विषाद आणि घरातील विद्यार्थी

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग होय. धनुर्विद्येत ज्याची ख्याती त्रिभुवनात, तोच वीर ऐन रणांगणावर गांडीव टाकून बसला. त्याची विद्या उणी नव्हती. चित्ताचा तोल गेला होता. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासू मुलामुलींचीही हीच अवस्था होते, आणि घरची माणसे तिला आळस समजून रागे भरतात.

स्वभाव सर्वांचा सारखा नसतो. रजोगुणी मूल यशासाठी तळमळते, तमोगुणी काम पुढे ढकलते. परंतु चौदावा अध्याय असेही सांगतो की, हे गुण एकाच मनात कमीअधिक होत असतात. म्हणून स्वभाव म्हणजे ललाटलेख नव्हे. आपल्या मनात या घडीला काय उसळले आहे हे ओळखून त्यास आवर घालणे, यालाच आधुनिक शास्त्र भावनिक बुद्धिमत्ता म्हणते. १९९० साली सॅलोव्हे व मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिचे विवेचन केले.

असा तोल राखणारा एक विद्यार्थी कलकत्त्याच्या गार्डन रीच भागात, हुगळीच्या काठी राहत असे. सर विल्यम जोन्स हे १७८३ साली न्यायाधीश म्हणून तेथे आले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर संस्कृत शिकू लागले. ब्राह्मण पंडितांनी शिकविण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी ना विद्या सोडली, ना तिच्याविषयी कटुता धरली. रामलोचन नावाच्या वैद्य पंडितांचे शिष्यत्व पत्करले. पहाटे उठून ते पायी शहरात जात. १७८९ साली त्यांचा शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. नकाराने खचला नाही, म्हणूनच तो विद्यार्थी विद्येपर्यंत पोहोचला.

पण हे बळ मुलाच्या ठायी आपोआप येत नाही. भगवंतांनीही प्रथम अर्जुनास कठोर शब्दांनी हटकले. तेवढ्याने विषाद गेला नाही. अर्जुनाने पुन्हा आपली व्यथा सांगितली, तो शरण आला. मग भगवंतांनी स्मितपूर्वक उपदेश आरंभिला, त्याची प्रत्येक शंका ऐकून घेतली, आणि अखेरीस विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे स्वातंत्र्यही दिले.

गृहस्थहो, निकालाच्या दिवशी मुलास गुण विचारण्यापूर्वी त्याचे मन विचारावे. व्यथा घरात पेलवेनाशी झाल्यास समुपदेशकाचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून त्यासाठीच आहे. गुणपत्रिका पुन्हा मिळविता येते. खचलेल्या लेकरास सावरण्याची घटिका मात्र चुकवू नये.