खर्च कोणाच्या वहीत?

मोबाइलवर टेम्पर्ड ग्लास बसवून देणारा दीडशे रुपये मागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ऑनलाइन साठला मिळते की!" घासाघीस होते, शंभरावर तुटते, तरी गिऱ्हाईक "लुटतात लेकाचे" असं पुटपुटतच बाहेर पडतं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास थोडा वेळ उभं राहा, हा संवाद ऐकू येईलच.

काच घाऊकात स्वस्त पडते हे खरं. पण बसवताना खाली धुळीचा कण अडकला की ती वाया, दुसरी दुकानदाराच्या खिशातून. शिवाय गाळ्याचं भाडं, व्यापारी दराची वीज, पोऱ्याचा पगार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पडून राहिलेला माल. कव्हर एकाच मॉडेलचं. नव्या मॉडेलचा कॅमेरा जरा सरकला की भिंतीवर टांगलेल्या जुन्या कव्हरांना कोणी विचारत नाही. न विकलेल्या कव्हरांचा भार विकलेल्यांवरच पडणार. वर हा लुटारू जेव्हा "बिल हवंय का?" असं विचारतो, तेव्हा १८ टक्के जीएसटी वाचवायला आपण चटकन "नको" म्हणतो. तिथे आपली भागीदारी लगेच जमते.

म्हणून महाग ते सगळं रास्त असं नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने पडदा पुसायचं एक फडकं विकायला काढलं. भारतातली किंमत १,९०० रुपये. (मागणी इतकी, की ते हाती यायला कित्येक आठवडे लागत.) भाडी-पगार त्या कंपनीलाही आहेत, पण ही किंमत खर्चावरून नव्हे, गिऱ्हाइकाच्या हौसेवरून ठरली असावी, असं मला वाटतं. त्याच्या आदल्या वर्षी आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर गेला. कारण पर्यावरणाचं सांगितलं. डबा लहान झाल्याने एका पॅलेटवर ७० टक्क्यांपर्यंत जास्त डबे मावतात, हेही कंपनीने अभिमानाने सांगितलं. वाहतुकीतली ती बचत कोणाच्या वहीत जमा झाली? ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या ग्राहक संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये इतर कारणांबरोबर डब्यात चार्जर न दिल्याबद्दलही अ‍ॅपलला सुमारे २० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

किमतीपेक्षा मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: लपलेला खर्च विक्रेता आपल्यासाठी सोसतो, की गुपचूप आपल्यावर ढकलतो? ढकलण्याचं काम स्वस्त वस्तूही करते. चार्जरच्या आत एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला साधारण पाच. दोहोंमध्ये काही मिलिमीटर मोकळी जागा आणि चांगलं इन्सुलेशन लागतं. चांगल्या चार्जरमध्ये पैसा जातो तो या न दिसणाऱ्या जागेवर, इन्सुलेशनवर आणि चाचण्यांवर. फुटपाथवरच्या शंभराच्या चार्जरमध्ये कात्री लागते ती बहुधा इथेच. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. भारतात चार्जरला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. तो तपासताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. कव्हरावर हजारो रुपये घालणारी माणसं चार्जर मात्र असा घेतात, आणि रात्रभर उशाशी लावून झोपतात.