देहाचे कारभारीपण

प्रश्न दिसतो साधा, पण विचार करू लागले की तो साधा राहत नाही. मधुमेह आणि सांधेदुखी या दोन्ही विकारांनी गाठलेल्या शिक्षकाने आपल्या देहाची काळजी किती घ्यावी? ठरल्या वेळी जेवणे, रोज चालणे, वर्गात खुर्ची मागणे, जादा काम नाकारणे हे कर्तव्यात मोडते, की स्वार्थालाच आपण असे सभ्य नाव देतो? उलट, डबा न उघडता दोन पाळ्या काढणे आणि सुजलेल्या पायांवर दिवसभर उभे राहणे याला त्याग म्हणावे काय?

आम्ही आठवडाभर हाती खडू धरतो आणि रविवारी पाळी आली तर मंडळीपुढे वचन उघडतो. साखरेचा विकार आमच्याही सोबतीला आहे, आणि जिना दिसला की उजवा गुडघा आपली आठवण करून देतो. तेव्हा हा प्रश्न आम्हांला केवळ पुस्तकातून भेटलेला नाही.

सुरत शहराच्या उत्तरेकडील कतारगाम हा भाग एके काळी भाजीच्या वाड्यांसाठी ओळखला जाई. आजही उंधियू करायचे म्हटले की सुरतकर कतारगामच्या पापडीचे नाव काढतात. वाड्यांच्या जागी आता हिऱ्यांचे कारखाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. या शहरात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे मागांवर आणि कारखान्यांत राबतात. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. अशा एखाद्या शाळेत शिकविणाऱ्या, कतारगामात राहणाऱ्या बाईंचा दिवस वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा.

पहाटे उठून घरच्यांचे डबे करायचे. दोन रिक्षा बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला उधन्याकडे जायचे. वर्गात पन्नास मुले. हात उंच धरून फळ्यावर लिहायचे. मधल्या सुट्टीत वह्या तपासायच्या, म्हणून डबा तसाच राहतो. स्वच्छतागृह दूर आहे, म्हणून पाणीही कमी प्यायचे. मध्येच मतदारयाद्यांचे काम येते. संध्याकाळी शिकवणी, शनिवारी गायनवृंदाचा सराव, रविवारी संडेस्कूल. आणि मंडळी कौतुकाने म्हणते, "बाईंना कधी थकलेले पाहिले नाही!" त्या थकलेल्या असतात, कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

हा विकार आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुताने मधुमेहाचे वर्णन केले आहे, आणि जन्मजात व अपथ्यामुळे होणारा असे त्याचे भेदही सांगितले आहेत. नवे आहे ते त्याचे प्रमाण. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. जुन्या सुरतकरांना सप्टेंबर १९९४ आठवत असेल. प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. त्या साथीत सरकारी आकड्यांप्रमाणे देशभरात साठाहून कमी माणसे दगावली. ज्या आजाराची भीती वाटली त्याच्यापुढून आपण पळालो. जो आजार हळूहळू डोळे, मूत्रपिंडे आणि पावले पोखरतो त्याच्यासाठी मात्र अर्धा तास चालायलाही आपण तयार नसतो.

मधुमेह आणि सांधेदुखी ही एकमेकांचा हात धरून चालणारी दुखणी आहेत. गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद होते. चालणे बंद झाले की साखर आणि वजन वाढते. वजन वाढले की गुडघा आणखी दुखतो. संशोधकांनी मोजून पाहिले आहे की, गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल माणसाचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शिवाय रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की सांध्यांभोवतालच्या ऊती ताठर होतात. म्हणून खांदा आखडण्याचा त्रास मधुमेही लोकांत अधिक आढळतो. फळ्यावरची वरची ओळ लिहिता येईनाशी होते तेव्हा शिक्षकाला वाटते, वय झाले. खरे कारण कित्येकदा साखर असते.

येथे उपायही परस्परांना छेद देतात. दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहावे, तर मधुमेहाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर अधिक भार पडतो. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले तर काही दिवस साखर चढते. म्हणून दोन्ही विकार एकाच डॉक्टरांना सांगावे लागतात, आणि बसल्या बसल्या करता येण्याजोगा मांड्यांचा व्यायाम शिकून घ्यावा लागतो. ही सगळी कामे वेळ मागतात, आणि शिक्षकाजवळ नसते ती नेमकी वेळच. आमचा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. हा वेळ कोणाच्या हिश्शातून काढावा?

पुष्कळांचे म्हणणे असे की, देहाचे फार लाड करू नयेत. सेवेत झिजणे हेच श्रेष्ठ. या म्हणण्यात सत्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पंडिता रमाबाईंना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, तरी १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही. अशा माणसांपुढे आपण नतमस्तक होतो. पण त्या झिजण्यातून काही निर्माण होत होते. त्यागाची कसोटी हीच नव्हे काय, की आपण जे गमावतो त्याच्या बदल्यात दुसऱ्या कोणाला काही मिळते? दुपारचा डबा परत घरी गेला म्हणून वर्गातल्या एका तरी मुलाला गणित अधिक येते काय? उलट, साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर हात थरथरतात, घाम सुटतो, चित्त ठिकाणावर राहत नाही, आणि बाई विनाकारण मुलांवर ओरडतात. ज्या त्यागाने कोणाच्याच पदरी काही पडत नाही, तो त्याग नसून नुसती नासाडी असते.

आणि त्या नासाडीचे बिल आपल्या एकट्याच्या नावावर येत नाही. पावलाची संवेदना गेली, जखम कळली नाही, बोट कापावे लागले. मूत्रपिंडे थकली, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस आले. मग कोणाची तरी मुलगी शिक्षण सोडून घरी बसते, कोणाचा तरी भाऊ कर्ज काढतो. आज स्वतःसाठी अर्धा तास घेण्याचा संकोच करणारा माणूस उद्या नकळत दुसऱ्यांची वर्षे घेतो. इथ्रोने मोशेला हेच बजावले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करीत बसलास तर तूही झिजशील आणि हे लोकही, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे (निर्गम १८). सासऱ्याने जावयाच्या प्रकृतीबरोबर लोकांच्या हिताचाही विचार केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. काही बंधुभगिनी हळूच विचारतात, "बाई, प्रार्थनेत कोठे कमी तर पडत नाही ना?" यांना राजा आसाची गोष्ट आठवते. त्याच्या पायांना भारी रोग झाला आणि त्याने परमेश्वराकडे न जाता वैद्यांचा आश्रय केला, असा त्याच्यावर ठपका आहे (२ इतिहास १६). पण तो अध्याय आरंभापासून वाचावा. आसाने आधी अरामाच्या राजावर भिस्त ठेवली होती, आणि त्याबद्दल कान उघडणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकले होते. दोष देवाला वगळण्याचा आहे. वैद्याला बोलावण्याचा नव्हे. याच शास्त्रात यशया संदेष्टा हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस लावावयास सांगतो. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. आणि ज्या पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केली, त्याचा काटा काढला गेला नाही. पुरेशी कृपा मात्र मिळाली. त्याची प्रार्थना कमी पडली असे म्हणण्यास कोण धजेल?

इन्सुलिनचीच हकिकत पाहा. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याचा शोध लावला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या, मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पुढे त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकण्यात आले. अशा दानाला अविश्वास म्हणून दूर लोटणे हे कृतज्ञतेत बसते काय?

मात्र दुसऱ्या बाजूलाही एक खड्डा आहे. देहाची काळजी घेता घेता देहच देव होऊन बसतो. मग भेटेल त्याला साखरेचे आकडे सांगायचे, आकडा चढला की दिवसभर तोंड पाडायचे, उतरला की आपणच पुण्यवान असे मानायचे. साखरेचा आकडा हा आपल्याविषयीचा निकाल नसून काय करायचे ते सांगणारा निरोप आहे. आनुवंशिकता, वय, ताण, झोप या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणून आजाऱ्याला दोष देऊ नये, आणि आजाऱ्यानेही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

मग मध्यममार्ग कोणता? आमच्या मते तो "कारभारी" या एका शब्दात आहे. कारभारी मालाचा मालक नसतो, म्हणून त्याने माल उधळू नये. पण तो माल कुलपात ठेवण्यासाठीही नेमलेला नसतो. देह वापरण्यासाठी दिलेला आहे, आणि वापरता यावा म्हणूनच तो सांभाळायचा आहे. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा त्याला उपदेश मिळाला नाही. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. चाळीस दिवसांची वाट त्यानंतर होती (१ राजे १९).

हे रोजच्या जगण्यात कसे दिसावे? डबा वेळेवर उघडावा, वह्या नंतर तपासाव्या. पाणी टाळू नये. रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. साखर ७० च्या खाली उतरली तर तीन चमचे पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आणि वर्गात खुर्ची घ्यावी. बसून शिकविल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. आपल्या प्रभूने डोंगरावर आणि नासरेथच्या सभास्थानातही बसूनच शिकविले (मत्तय ५, लूक ४).

आणखी एक कर्तव्य आहे, ते सांगण्याचे. आपला आजार शेजारच्या वर्गावरील शिक्षकाला ठाऊक असावा. लपविण्याने मान राहतो असे वाटते, पण गरगरून पडल्यावर काय करावे हे कोणालाच माहीत नसते. शिवाय त्याच वर्गात एखादे मधुमेही मूल बसलेले असू शकते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची परवानगी दिली. बाई उघडपणे आपली वेळ पाळतात हे पाहून त्या मुलाची लाज जितकी जाईल, तितकी परिपत्रकाने जाणार नाही.

मंडळीलाही येथे काही शिकावयाचे आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असता मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला नेट धरण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी बसण्यासाठी धोंडा आणून दिला आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले (निर्गम १७). आपणही तेवढे करू शकतो. भेटीस आलेल्या बाईंपुढे घारीची बशी ठेवून "घ्या हो, एका तुकड्याने काय होतंय?" असा आग्रह करू नये. बिनसाखरेचा चहा न मागता पुढे यावा. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेला जो औषधे घेतो त्याने डॉक्टरांना विचारून थोडे खाल्ले, तर त्याच्या भक्तीचे माप काढू नये. संडेस्कूलसाठी दुसरा शिक्षक तयार करावा. एकाच माणसावर सारे टाकून त्याची स्तुती करणे ही स्वस्तातली कृतज्ञता होय.

कतारगाम दरवाज्याजवळ जुनी डच दफनभूमी आहे. तेथे हेंड्रिक व्हान रीड याची भव्य कबर आहे. मलबारातील वनस्पती आणि त्यांचे औषधी उपयोग यांवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि १६९१ साली तो मरण पावला. इतक्या औषधींची नोंद करणाऱ्याचाही देह शेवटी मातीस मिळाला. आपलाही मिळेल. पथ्य पाळून आपण मरण चुकवीत नाही. पण तोवर जे वर्ग आपल्या हाती सोपविले आहेत त्यांपुढे शांत चित्ताने, स्थिर हाताने उभे राहता यावे, आणि उभे राहता आले नाही तर निःसंकोचपणे बसता यावे, एवढ्यासाठी हा देह सांभाळायचा आहे. वाचकांपैकी ज्यांना हे दुखणे आहे त्यांनी उद्या डबा वेळेवर उघडावा. ज्यांना नाही त्यांनी आपल्या मंडळीतील अशा एका शिक्षकाला विचारावे, "आपले कोणते काम आम्ही उचलू?"