टाकण्याआधी एकदा उघडून पाहू



गेल्या आठवड्यात धर्मगुरुनिवासातील व्हॅक्यूम क्लीनर चालता चालता बंद पडला. ‘भंगारात द्या, नवीन घेऊ,’ असे आम्ही बोलून मोकळे झालो. मग वाटले, आधी उघडून तर पाहू. प्लग काढला, झाकण उघडले. पिशवी गच्च भरलेली, फिल्टर धुळीने चोंदलेला, पाइपात कागदाचा बोळा! हवा खेळेना म्हणून मोटार तापली आणि आतल्या सुरक्षा-स्विचने ती बंद केली होती. सगळे साफ केले, तासभर थांबलो. यंत्र सुरू झाले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या हयगयीचा होता.

ग्राहकाला दुरुस्तीची माहिती सहज मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. म्हणजे दुरुस्ती हा आपला हक्क. पण ते आपले कर्तव्यही आहे का? वस्तू आपली, पैसे आपले. टाकली तर कुणाचे काय गेले?

आम्हाला वाटते, जाते. कर्वेनगरात आपण टाकलेले ओझे कुणीतरी उचलते. ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी आपल्या पुण्यात दारोदार फिरतात. आपला आळस त्यांच्या हातगाडीत का पडावा?

अर्थात जळका वास आला किंवा वायर उघडी दिसली, तर आपण हात न घालता जाणत्या मेकॅनिककडे जावे. आपली मर्यादा ओळखणे हेही कर्तव्यच, आणि त्यालाही काम मिळते.

मात्र दोष कुणाचा, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.